दुपार झाली की टोनची लेव्हल का घसरते?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या, सुट्या ट्रान्झिस्टरांवर बांधलेल्या टेलिफोन एक्सचेंजमधलं आरटू पद्धतीचं एमएफ सेंडर कार्ड (फिरवलेले अंक दोन-दोन टोनच्या जोड्यांनी पलीकडच्या एक्सचेंजला कळवणारं) सकाळी व्यवस्थित चालतं. दुपारी रॅक तापला की आउटपुट सुमारे एक डेसिबलने खाली येतं आणि पलीकडचा रिसीव्हर मधूनच अंक नाकारतो. प्रीसेट (लेव्हल जुळवायचा छोटा बदलता रेझिस्टर) फिरवून लेव्हल वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती जास्त भरते. थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा रेझिस्टर, टाकून हे कायमचं बसवता येईल का, आणि कोणता टाकावा?

येईल, पण त्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा कितीतरी कार्डांवर आधीच कोणीतरी थर्मिस्टर लटकवलेला असायचा, त्याला सावरायला शेजारी एक जादा रेझिस्टर, आणि मूळ दोष होता तिथेच. जो भाग तापमानाबरोबर हलतो त्याच्यावर आउटपुट अवलंबूनच राहू नये, ही पहिली खटपट. त्यातून जे उरेल तेवढ्यापुरता थर्मिस्टर.

त्याआधी हा खरोखर तापमानाचाच दोष आहे ना, ते बघा. दुपारी एक्सचेंजमध्ये दोन गोष्टी बरोबरीने चढतात: उष्णता आणि ट्रॅफिक. गर्दीच्या तासात एकाच टोन बसवर (टोन सगळ्यांना पुरवणाऱ्या सामाईक तारेवर) जास्त सेंडर लागतात, बसवरचा भार वाढतो आणि लेव्हल खाली येते. ग्राफ काढला तर तापमान आणि लेव्हल अगदी हातात हात घालून चाललेली दिसतात, आणि दोष भलत्याच्याच माथी बसतो. म्हणून एकदा रात्री, ट्रॅफिक नसताना, कार्ड ड्रायरने तापवून बघा. तेव्हाही लेव्हल तेवढीच घसरली तरच पुढचं वाचा.

दुसरा छुपा भिडू म्हणजे बॅटरी. उणे ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत २४ सेल असतात आणि फ्लोटवर (सतत चार्जिंगला लावून ठेवलेली असताना) ती ५४ व्होल्टच्या आसपास उभी असते. बरेचसे रेक्टिफायर बॅटरीच्या तापमानाप्रमाणे फ्लोट व्होल्टेज कमी-जास्त करतात, साधारण दर सेलला दर अंशाला ३ मिलिव्होल्ट. २४ सेलचे होतात ७२ मिलिव्होल्ट. बॅटरीची खोली २० अंशांनी तापली की बसबारवर जवळजवळ दीड व्होल्ट कमी. तुमच्या कार्डावर नीट रेग्युलेटर असेल तर काही बिघडत नाही. पण जुन्या कार्डांवर कित्येकदा नुसता एक रेझिस्टर आणि एक मोठा कपॅसिटर असतो, आणि तसं असेल तर बसबारचा चढउतार थेट टोनमध्ये उतरतो. त्यामुळे लेव्हलच्या शेजारी सप्लायचाही रकाना ठेवा.

आता मोजण्याबद्दल. आउटपुट ६०० ओहमच्या टर्मिनेशनवरच (शेवटाला जोडलेल्या भारावरच) मोजा, टर्मिनेशन असं-नसं झालं तर ६ डेसिबलपर्यंत फरक पडतो आणि मग एका डेसिबलची चर्चाच फोल. खोलीच्या भिंतीवरचा थर्मामीटर उपयोगाचा नाही, थर्मोकपल कार्डावर, ऑसिलेटरच्या (टोन तयार करणाऱ्या सर्किटच्या) अगदी लगत चिकटवा. रॅकच्या वरच्या शेल्फातलं कार्ड खोलीपेक्षा १५-२० अंशांनी सहज गरम असतं.

आणि एक्स्टेंडर कार्डापासून (चालू कार्ड रॅकबाहेर आणून मोजण्यासाठीची जोडपट्टी) सावध राहा. माझा पूर्ण आठवडा त्यात गेला होता. कार्ड रॅकमध्ये असलं की दुपारी लेव्हल घसरायची, एक्स्टेंडरवर बाहेर काढून मोजलं की एकदम शहाण्यासारखी वागायची. मी कनेक्टर घासले, बॅकप्लेनचे सोल्डर पुन्हा ओतले, संपर्कांवर संशय घेऊन झाला. शेवटी लक्षात आलं की एक्स्टेंडरवर आलेलं कार्ड मोकळ्या हवेत असतं, ते तापतच नव्हतं. तेव्हापासून असं कार्ड बाहेर काढलं की त्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालतो आणि अर्धा तास थांबून मग मीटरकडे बघतो.

एवढं झालं की खरा तपास. आरटूच्या फॉरवर्ड सिग्नलमध्ये १३८० ते १९८० हर्ट्झ अशा १२०-१२० च्या अंतराने सहा फ्रिक्वेन्सी असतात आणि प्रत्येक अंक म्हणजे त्यांतल्या दोघींची जोडी. गरम असताना सहाही एकेक करून मोजा. सहाही सारख्याच घसरल्या असतील तर दोष सामाईक भागात आहे: मिक्सिंग ॲम्प्लिफायर, आउटपुट स्टेज किंवा सप्लाय. एखादीच जास्त घसरली असेल तर त्या ऑसिलेटरपुरतं बघायचं. हा दुसरा प्रकार जास्त त्रासदायक. पाठवताना दर फ्रिक्वेन्सीची लेव्हल उणे ११.५ डीबीएमशून्य (ठराविक संदर्भबिंदूवर, एक मिलिवॉटच्या तुलनेत), त्यात एक डेसिबल इकडे-तिकडे चालतं, पण जोडीतल्या दोघींमधला फरकही एक डेसिबलच्या आत राहावा लागतो. एकटी घसरली की जोडी तिरकी होते, आणि रिसीव्हरला सगळी लेव्हल कमी झालेली चालते त्यापेक्षा हा तिरकेपणा कमी खपतो.

तुम्ही दिलेला 'सुमारे एक डेसिबल' हा आकडा मला फार बोलका वाटतो. दुपारचा फरक ३० अंशांचा धरला तर तेवढ्यात एक डेसिबल, म्हणजे सुमारे ११ टक्के घट. हे काम रेझिस्टरचं नाही. १०० पीपीएमचा (दर अंशाला दहा लाखांत शंभर भाग हलणारा) साधा मेटल फिल्म रेझिस्टर ३० अंशांत हलतो ०.३ टक्के, म्हणजे ०.०३ डेसिबलसुद्धा नाही. पण असे तीन संशयित आहेत की ज्यांचा प्रत्येकाचा हिशेब एका डेसिबलच्या आसपासच येतो.

पहिला, ट्रान्झिस्टरचा गेन. एमिटरचा आतला रोध म्हणजे थर्मल व्होल्टेज भागिले करंट, आणि थर्मल व्होल्टेज केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतं. २७ अंशांना ते २६ मिलिव्होल्ट असतं, ५७ अंशांना त्याच्या दहा टक्के जास्त. करंट स्थिर धरला आणि एमिटरचा रेझिस्टर कपॅसिटरने पूर्ण बायपास केलेला असला, तर गेन तेवढाच खाली येतो: ०.८ डेसिबल.

दुसरा, लिमिटर डायोड. ऑसिलेटरच्या लहरीची उंची उलटसुलट जोडलेल्या दोन सिलिकॉन डायोडांनी छाटलेली असेल, तर डायोडचे ०.६ व्होल्ट दर अंशाला २ मिलिव्होल्टने कमी होतात. ३० अंशांना ६० मिलिव्होल्ट, म्हणजे सहाशेतले साठ. ०.९ डेसिबल.

तिसरा संशयित तांबं. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, ३० अंशांत जवळजवळ १२ टक्के. एलसी टँकचा (टोन ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटर जोडीचा) क्यू, म्हणजे अनुनादाची धार, मुख्यतः कॉइलच्या वाइंडिंगवर ठरत असेल तर क्यू तेवढाच उतरतो, आणि उंचीला दुसरा कोणी आवर घालत नसेल तर आउटपुटही. पुन्हा एक डेसिबल!

तिघेही एकाच दिशेने ओढतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चोर सापडत नाही. सापडतो तो वेळेवरून. कार्ड गरम करा, लेव्हल खाली येऊ द्या. मग फ्रीझर स्प्रेच्या नळीला बारीक टोक लावून ट्रान्झिस्टरवर अर्धा सेकंद फवारा मारा. ट्रान्झिस्टर किंवा डायोड दोषी असेल तर मीटरचा काटा एक-दोन सेकंदांत उडी मारतो. एवढासा जीव तो, त्याला थंड व्हायला वेळ लागत नाही. कॉइलचं तसं नाही: फेराइटच्या पॉट कोअरमध्ये गुंडाळलेलं तांबं स्प्रेला लगेच दाद देत नाही, लेव्हल मिनिट-दोन मिनिटं हळूहळू सरकत राहते. शेजारच्या भागावर फवारा उडू नये म्हणून मी पोस्टकार्डाला भोक पाडून ते आड धरतो. आणि गोठलेल्या भागावर दव जमतं, ते उच्च रोधाच्या जागी गळती करून खोटंच रीडिंग देतं. म्हणून पहिल्या काही सेकंदांचंच खरं मानायचं, नंतर कार्ड कोरडं होईपर्यंत हात लावायचा नाही.

कार्ड फारच जुनं असून त्यावर जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतील तर मात्र वेगळीच गत. त्यांची लीकेज दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, ३० अंशांना आठपट, आणि बायसच सरकतो. तिथे डागडुजी करत बसू नका, स्टेज सिलिकॉनवर नव्याने बांधा.

ट्रान्झिस्टरचा गेन दोषी निघाला तर उपाय स्वस्तात होतो. एमिटरच्या एका रेझिस्टरऐवजी सिरीजमध्ये दोन लावा आणि वरचा लहान रेझिस्टर बायपासविना ठेवा. एक मिलिअँपिअरला आतला रोध २६ ओहम असतो, त्याच्या जागी बाहेरचे २७० ओहम बोलू लागले की ३० अंशांतला बदल दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली येतो, ०.८ डेसिबलचे ०.०८ होतात. किंमत म्हणून गेन अकरा पटींनी कमी होतो, तो पुढे एखाद्या ऑप-ॲम्पमध्ये भरून काढा. ऑप-ॲम्पचा गेन दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरतो. दोन्ही एकाच जातीचे आणि शेजारी शेजारी असले की एकत्र हलतात आणि गुणोत्तर जागचं हलत नाही.

गेन कमी करणं शक्यच नसेल तर एक जुनी युक्ती आहे, मला ती फार आवडते. बेसला पक्के १.२५ व्होल्ट द्या. एमिटरवर उरतात साधारण ०.६, आणि जंक्शनचं व्होल्टेज जसं उतरतं तसं हे वाढतं, तेही बऱ्यापैकी केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात. म्हणजे करंटही त्याच प्रमाणात वाढतो आणि थर्मल व्होल्टेजची वाढ खाऊन टाकतो. गेन जिथल्या तिथे. बँडगॅप रेफरन्समागची (तापमानाने न हलणारं व्होल्टेज देणाऱ्या सर्किटमागची) कल्पना हीच, इथे ती एका ट्रान्झिस्टरात फुकट मिळते. पण बेसचे १.२५ व्होल्ट खरोखर पक्के हवेत, सप्लायवरून नुसत्या डिव्हायडरने घेतलेले चालणार नाहीत.

लिमिटर डायोड दोषी असतील तर त्या जागी ६.२ व्होल्टचे दोन झेनर एकमेकांकडे पाठ करून लावा. झेनरच्या स्वभावातली एक गंमत इथे कामी येते: पाच व्होल्टच्या खालचे झेनर तापल्यावर उतरतात, सहाच्या वरचे चढतात. ६.२ चा झेनर दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने चढतो आणि त्याच वेळी सरळ दिशेने चालणारा जोडीदार २ मिलिव्होल्टने उतरतो. दोघांची बेरीज जवळपास शून्य. वन एन ८२१ मालिकेचे रेफरन्स डायोड याच तत्त्वावर बनतात, मात्र ते साडेसात मिलिअँपिअरला नेमके जुळवलेले असतात. सुट्या झेनरांकडून तेवढी अपेक्षा नको, पण ०.९ डेसिबलचे ०.१ नक्की होतात. अडचण एवढीच की छाटणीची उंची आता टोकापासून टोकापर्यंत १४ व्होल्टच्या घरात जाते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ऑसिलेटरला ती गाठता येणार नाही, स्टेजला २४ व्होल्ट द्यावे लागतील. पुढे मेटल फिल्मच्या डिव्हायडरने लेव्हल हवी तेवढी खाली आणा.

तांबं दोषी असेल तर कॉइल बदलून काही साधत नाही, नवीन कॉइलही तांब्याचीच असणार. उंची ठरवण्याचं काम क्यूकडून काढून वर सांगितलेल्या लिमिटरकडे द्यायचं, म्हणजे क्यू थोडा उतरला तरी ऑसिलेटरला फिकीर नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा त्रास असेल तर फीडबॅक ट्रान्सफॉर्मरच्या आधी न घेता त्याच्या वेगळ्या वाइंडिंगवरून घ्या.

टँकला हात लावताना एक पथ्य पाळा. जुन्या टँकमधला पॉलिस्टायरीन कपॅसिटर, तो चकचकीत पारदर्शक, कृपा करून सिरॅमिकने बदलू नका. तो तिथे सहज म्हणून बसवलेला नाही. पॉलिस्टायरीन तापल्यावर दर अंशाला १२० पीपीएमच्या आसपास उतरतो आणि त्या कामासाठी बनवलेलं फेराइट जवळपास तेवढंच चढतं. दोघांची वजाबाकी होते आणि फ्रिक्वेन्सीवर उरलेल्याचाही निम्माच परिणाम दिसतो. तिथे एक्स सेव्हन आर सिरॅमिक बसवला की ही जोडी फुटते. त्याला पूर्ण तापमान मर्यादेत १५ टक्के हलण्याची मुभा असते, आणि आरटूमध्ये फ्रिक्वेन्सीला मुभा आहे ती ४ हर्ट्झची. १९८० हर्ट्झवर ४ हर्ट्झ म्हणजे ०.२ टक्के. मूळ कपॅसिटर मिळतच नसेल तर सीझीरोजी जातीचा सिरॅमिक घ्या, त्याचा गुणांक ३० पीपीएमच्या आत असतो. पण मग फेराइटची चढण भरून काढणारं कोणी उरत नाही, हे धरून फ्रिक्वेन्सी गरम-थंड दोन्हीकडे मोजून घ्या.

काही टोन जनरेटरांत वीन ब्रिज (रेझिस्टर-कपॅसिटरांचा ऑसिलेटर) असतो आणि त्याची उंची मण्याएवढा थर्मिस्टर किंवा छोटा दिवा सांभाळतो. तिथे एक विरोधाभास आहे: जो थर्मिस्टर उंची स्थिर ठेवायला बसवला, तोच खोलीच्या उष्णतेने फसतो. सिग्नलने स्वतःला चांगला तापवून घेणारा, काचेत बंद केलेला मणी निवडला असेल तर बाहेरचे २० अंश त्याला फारसे जाणवत नाहीत. कोणीतरी त्या जागी साधा, तापमान मोजायचा थर्मिस्टर बसवून ठेवला असेल तर उंची दिवसभर डोलत राहते.

हे सगळं करूनही थोडी घसरण उरली, तर आता थर्मिस्टर. समजा २५ ते ५० अंशांत अजून ०.६ डेसिबल जातात. ऑप-ॲम्पच्या इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. गेन ७ टक्के वाढवायला तो ५० अंशांना सुमारे ६७० ओहमने कमी व्हायला हवा. २५ अंशांना १० किलोओहम आणि बीटा (रोध तापमानाबरोबर किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) ३९५० असलेला नेहमीचा एनटीसी (तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर) घ्या, ५० अंशांना तो ३.६ किलोओहमवर येतो. त्याला समांतर ३ किलोओहम लावले की जोडीचा रोध २.३१ वरून १.६३ किलोओहम होतो, म्हणजे ६७० ओहमची घट मिळाली. उरलेले ७.६८ किलोओहम सिरीजमध्ये स्थिर ठेवा. समांतर रेझिस्टरमुळे वक्रही बराच सरळ होतो: ३७.५ अंशांना घट जवळपास बरोबर निम्मी येते.

मात्र थंड बाजूला जाऊन बघितल्याशिवाय सही करू नका. शून्य अंशाला हाच एनटीसी ३३.६ किलोओहम होतो, पण समांतर ३ किलोओहममुळे जोडी २.७५ च्या पुढे सरकत नाही. तिथे हवी असते ०.६ डेसिबलची कपात, मिळते ०.३८ ची. दोन-दशांश लेव्हल जास्त राहते. तुमच्या एक्सचेंजची खोली कधी तेवढी थंड होत नसेल तर सोडून द्या. होत असेल तर समांतर रेझिस्टर वाढवून मधला मार्ग काढा. दोन टोकांना जुळवलेलं नेटवर्क मधल्या तापमानाला काय करतं तेही मोजायला हवं, म्हणजे किमान तीन ठिकाणी.

एनटीसी कुठे बसवला हे तो कोणता घेतला याइतकंच महत्त्वाचं. बोर्डाच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला तर तो पंख्याची हवा मोजेल. जो भाग सरकतोय त्याच्या अंगाला थर्मल अॅडहेसिव्हने चिकटवा. आणि त्यातून मोठा सिग्नल जाऊ देऊ नका: एक-दोन मिलिवॉटनेच छोटा मणी अंशभर तापतो, मग भरपाई तापमानाची न होता सिग्नलची होते.

प्रीसेटही तपासा. उघडा कार्बनचा असेल तर काढून बहुफेरी सरमेट लावा आणि दोन्ही बाजूंना स्थिर रेझिस्टर घालून त्याची पकड दहा टक्क्यांपुरतीच ठेवा. पूर्ण लेव्हल प्रीसेटच्या हातात असली की त्याचा थरथरणारा संपर्क सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतो. याच्या उलटा प्रकार, म्हणजे सकाळी गार असताना लेव्हल कमी आणि तापल्यावर बरी, असेल तर वरचं सगळं सोडून आधी कपलिंगचा इलेक्ट्रोलिटिक बदला. म्हातारा इलेक्ट्रोलिटिक थंडीत आखडतो.

एक्सचेंजची रचना परवानगी देत असेल तर आणखी एक वाट आहे: टोन डिजिटल बनवा. ८००० नमुने दर सेकंदाच्या गणितात ४२५ हर्ट्झच्या डायल टोनची बरोबर १७ आवर्तनं ३२० नमुन्यांत बसतात. तेवढे ३२० आकडे मेमरीत ठेवून फिरवत राहिलं की फ्रिक्वेन्सी क्रिस्टलच्या हवाली होते. साधा क्रिस्टल काही दहा पीपीएम हलला तरी ४ हर्ट्झच्या मुभेपुढे ते काहीच नाही. लेव्हलसाठी मग एकाच गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं, कन्व्हर्टरच्या रेफरन्स व्होल्टेजवर. एमएफच्या सहा फ्रिक्वेन्सी तर सगळ्या ६० च्या पटीत आहेत, ४०० नमुन्यांत प्रत्येकीची पूर्ण आवर्तनं बसतात. एकच तक्ता-लांबी सगळ्यांना पुरते आणि जोडी तिरकी होण्याचा प्रश्नच मिटतो.

आधी रात्रीची ड्रायरची चाचणी करा, सहा फ्रिक्वेन्सींची लेव्हल थंड आणि गरम अशी लिहून काढा, आणि स्प्रे मारल्यावर काटा सेकंदांत उडतो की मिनिटांत सरकतो ते बघा. ते बारा आकडे आणि तो वेळ कळवलात तर कोणती स्टेज उघडायची ते नेमकं सांगता येईल. तोवर प्रीसेटला हात लावू नका, त्यावर लाखेचा एक थेंब टाकून ठेवा.